माल त्याचा, नाव तुमचं

१८८६ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थ रेडवूड या लहानशा रेल्वे स्टेशनात घड्याळांचं एक पार्सल येऊन पडलं. ज्या सराफाच्या नावानं ते आलं होतं, त्यानं ते सोडवून घ्यायला साफ नकार दिला. तिथला स्टेशन एजंट रिचर्ड सिअर्स चलाख होता. त्यानं पाठवणाऱ्या पेढीशी बोलून माल आपल्याकडे घेतला आणि रेल्वेमार्गावरच्या इतर स्टेशन एजंटांना थोडा नफा ठेवून विकला. त्यातूनच पुढे 'सिअर्स, रोबक' ही पोस्टानं माल विकणारी अवाढव्य कंपनी उभी राहिली.

सिअर्सचं नशीब फळफळलं, पण आपल्या कामाचा माणूस या गोष्टीत दुसराच आहे. ज्यानं पार्सल पाठवलं आणि ज्याचं ते पडून राहिलं, तो. न पाहिलेल्या ग्राहकाला दुरून माल विकायचा म्हटलं की हे दुखणं मागे लागतंच. ड्रॉपशिपिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या गोदामातला माल आपल्या नावानं विकण्याच्या धंद्यात, ते पहिल्या आठवड्यातच भेटतं. 'माल घ्यायचा नाही, गोदाम नको, भांडवल नको' एवढं ऐकून जे या धंद्यात उतरतात, त्यांना महिन्याभरात कळतं की मालात वाचलेले पैसे जाहिरातीत, कुरियरमध्ये आणि परत आलेल्या पार्सलांत लागतात. ते नेमके किती लागतात, हे आधी कागदावर मांडणारा टिकतो. या प्रकरणात आपण तेच करू.

सौदा होतो कसा

समजा, तुम्ही पुण्यात बसून सुती टॉवेल विकता. टॉवेल सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडे आहेत. इंदूरच्या एका बाईंनी तुमच्या वेबसाइटवर दोन टॉवेलांचा जोड मागवला. तुम्ही कुरियरच्या पोर्टलवर लेबल तयार करता आणि ते सोलापूरला पाठवता. कारखानदार माल बांधतो, लेबल चिकटवतो, कुरियरवाला येऊन पार्सल उचलतो. माल सोलापूरहून थेट इंदूरला जातो. तुमचा हात त्याला लागत नाही.

बिलं मात्र दोन होतात. कारखानदार तुमच्या नावानं बिल करतो, तुम्ही त्या बाईंच्या नावानं. पार्सलात जायला हवं ते तुमचं बिल. घाऊक भावाचं बिल किंवा कारखानदाराचं व्हिजिटिंग कार्ड चुकून आत गेलं, तर पुढची ऑर्डर परस्पर सोलापूरला जाईल. ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेवर विकत असाल तर हा नियमाचाही भाग आहे. ड्रॉपशिपिंगला तिथे सशर्त परवानगी आहे. विक्रेता म्हणून बिलावर आणि खोक्यावर तुमचंच नाव हवं, आणि दुसऱ्या दुकानातून घेऊन त्याच्याच वेष्टनात माल पाठवलेला चालत नाही. टॉवेलचा रंग गेला, एकच टॉवेल आला, पार्सल भिजलं, तर फोन तुम्हाला येणार. कारखानदाराचं नावही ग्राहकाला ठाऊक नसतं.

परदेशी व्हिडिओ, देशी बाजार

ड्रॉपशिपिंग शिकवणारे बहुतेक व्हिडिओ एका ठरावीक वाटेवर चालतात. शॉपिफायवर दुकान उघडा, चीनच्या अलीएक्सप्रेसवरून वस्तू निवडा, फेसबुकवर जाहिरात लावा आणि अमेरिकेतल्या ग्राहकाला विका. ही वाट एका सवलतीवर उभी होती. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत आयात शुल्क लागत नसे. चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी ती सवलत २ मे २०२५ पासून बंद झाली आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून बाकी देशांसाठीही. त्याआधीचा कोणताही हिशेब आज जसाच्या तसा चालणार नाही. भारतात तर अलीएक्सप्रेसचं ॲप नोव्हेंबर २०२० मध्येच बंदी घातलेल्या ॲपच्या यादीत गेलं.

आपल्याकडे या धंद्याचं रूप वेगळं घडलं. २०१५ मध्ये विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल या आयआयटी दिल्लीच्या दोघांनी मीशो सुरू केली. घरबसल्या साड्या, कुर्ते, भांडी यांचे फोटो व्हॉट्सॲप गटांत टाकायचे, वर आपला नफा चढवायचा, माल पोचवणं आणि पैसे गोळा करणं कंपनीनं पाहायचं. लाखो बायकांनी असा व्यवसाय केला. त्यांना ड्रॉपशिपिंग हा शब्द माहीत असण्याची गरजही पडली नाही. त्यांच्या यशाचं मर्म एकच होतं: ग्राहक ओळखीतला होता. सोसायटीतली शेजारीण किंवा नणंदेची मैत्रीण पार्सल दारात आल्यावर 'नको' म्हणत नाही. अनोळखी ग्राहकाकडे वळलं की हा भिडेचा आधार जातो आणि खरी परीक्षा सुरू होते.

वस्तू आणि पुरवठादार

वस्तू निवडताना नवशिक्याचा हात पहिल्यांदा खेळणी, सौंदर्यप्रसाधनं आणि चमत्कारिक गॅजेट यांच्याकडे जातो. नेमकी हीच वाट अडचणीची आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. प्रसाधनांना उत्पादन परवाना लागतो, खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. पहिली वस्तू अशी असावी जी फुटत नाही, नासत नाही, जिच्यात मापाचा घोळ नाही आणि जिचा कारखानदार एसटीनं गाठता येईल इतक्या अंतरावर आहे. कपड्यांत, बुटांत माप चुकलं की माल परत. टॉवेल, चादरी, पायपुसणी यांत ती भानगड नाही.

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे दुसरीकडे विणलेला टॉवेल 'सोलापुरी' म्हणून विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा. खऱ्या सोलापुरी मालाला ग्राहकाच्या मनात आधीच जागा आहे. ती जाहिरातीनं विकत घ्यायला गेलात तर महाग पडेल.

पुरवठादाराशी बोलणं झालं की सॅम्पल मागवा, पण सॅम्पल म्हणून मागवू नका. नांदेडच्या मावशीच्या पत्त्यावर साधी ऑर्डर टाका. सॅम्पल म्हटलं की कोणीही निवडून चांगला नग पाठवतो. पार्सल किती दिवसांत पोचलं, पिशवी कशी होती, आत काय निघालं, हे मावशीला फोटो काढून पाठवायला सांगा. मग तो टॉवेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. कारखानदारानं '५०० जीएसएम' म्हटलं असेल, तर एका चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन भरलं पाहिजे. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. त्याचं वजन ५६० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. काटा ४३० दाखवत असेल तर कापड ३८० जीएसएमचं आहे आणि बोलणं ५०० चं. त्यानंतर टॉवेल तीनदा धुवा. रंग सुटतो का, किती आटतो, धागे उपसतात का, कपड्यांना तंतू लागतात का, ते बघा. ग्राहक या तक्रारी करणारच आहे. त्याच्या आधी तुम्हाला त्या माहीत हव्यात.

आता वेष्टन. कुरियर कंपनी पार्सलचं खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावते. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० नं भागतात. ४५० जीएसएमचे दोन टॉवेल काट्यावर जेमतेम किलोभर भरतात. पण फुगीर घडी करून ४० बाय ३० बाय १० च्या खोक्यात घातले तर हिशेब २.४ किलोचा होतो. तेच दाबून ३५ बाय २५ बाय ८ च्या पिशवीत बसवले तर १.४ किलो. घडी कशी घालायची एवढ्यावर एका पार्सलमागे किलोभराचं भाडं वाचतं. म्हणून पहिल्या ऑर्डरीआधी एकदा सोलापूरला जा, बांधणी करणाऱ्या माणसाजवळ बसा आणि घडी ठरवून घ्या.

त्याच भेटीत चार गोष्टी लेखी करून घ्या. ऑर्डर आल्यावर किती तासांत माल निघणार, शिल्लक संपली तर कधी कळवणार, परत आलेला माल किती दिवसांत आणि कोणत्या अवस्थेत घेणार, आणि चुकीचा नग गेला तर भाडं कोण भरणार. परतीचा पत्ता सुरुवातीला आपल्या घरचा ठेवा. काय परत येतंय आणि का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

शंभर ऑर्डरींचा हिशेब

आपला टॉवेलचा जोड ८९९ रुपयांना आहे, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. म्हणजे तुमच्या हाती ८५६ रुपये. पुरवठादाराचा भाव ४२०, जाण्याचं भाडं १२०, एका ऑर्डरीमागे जाहिरात १५०. जीएसटीची नोंदणी असल्यामुळे खरेदीवर आणि भाड्यावर भरलेला कर वळता होतो, म्हणून हे आकडे कराशिवाय घेतले आहेत. ८५६ मधून ६९० वजा केले की १६६ उरतात. शंभर ऑर्डरींना १६,६००. नवा माणूस हिशेब इथेच थांबवतो आणि नोकरी सोडायचा विचार करू लागतो.

आता हिशेब पुरा करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. शंभरातल्या ७० ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या (सीओडी), ३० आगाऊ पैसे भरलेल्या. सीओडीतल्या २० दारातूनच परत फिरल्या. पोचलेल्या ८० पैकी ४ ग्राहकांनी माल परत केला. हाती राहिल्या ७६.

- विक्री : ७६ × ८५६ = ६५,०५६
- विकलेल्या मालाची किंमत : ७६ × ४२० = ३१,९२०
- परतलेल्या २४ पैकी ४ जोड मळले, पुरवठादारानं घेतले नाहीत : १,६८०
- जाण्याचं भाडं : १०० × १२० = १२,०००
- पोचलेल्या ५० सीओडींचं वसुली शुल्क, ४० रुपयांप्रमाणे : २,०००
- न स्वीकारलेल्या २० पार्सलांचं परतीचं भाडं, १०० रुपयांप्रमाणे : २,०००
- चार ग्राहकांकडून माल परत आणण्याचा खर्च : ४८०
- आगाऊ भरण्यावर पेमेंट गेटवेचे सुमारे २ टक्के : ५४०
- जाहिरात : १५,०००

एकूण खर्च ६५,६२०. विक्री ६५,०५६. साडेसोळा हजारांच्या नफ्याच्या जागी ५६४ रुपयांचा तोटा, आणि दुकानाचं मासिक शुल्क किंवा तुमच्या वेळेचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

यात एकच आकडा बदलून पाहा. दारातून परतणाऱ्या ऑर्डरी २० वरून १० वर आणा, बाकी सगळं तसंच ठेवा. आता ८६ जोड विकले जातात. विक्री ७३,६१६, खर्च ६९,२२० आणि नफा ४,३९६. भाव वाढवला नाही, जाहिरात कमी केली नाही, तरी जवळपास पाच हजारांचा फरक पडला. कुरियरच्या भाषेत या परतलेल्या पार्सलांना आरटीओ म्हणतात. जो आरटीओ सांभाळतो, त्यालाच या धंद्यात पैसे दिसतात.

दुसरा हिशेब खेळत्या पैशांचा. पुरवठादार पैसे हातात पडल्यावर माल काढतो. कुरियरचं वॉलेट आधी भरावं लागतं. जाहिरातीचं बिल कार्डावरून रोज कापलं जातं. सीओडीची रक्कम मात्र पार्सल पोचल्यावर, वर आणखी काही दिवसांनी तुमच्या खात्यात येते. ऑर्डर ते पैसे हे अंतर बारा दिवसांचं धरलं, तर रोजच्या दहा ऑर्डरींसाठी साठ-सत्तर हजार रुपये सतत अडकलेले राहतात. त्यामुळे चांगल्या खपाच्या आठवड्यातच खातं रिकामं होण्याची पाळी येते. बिनभांडवली धंद्याचं भांडवल ते हे.

दारातून परत फिरणारं पार्सल

ऑक्टोबर २००७ मध्ये फ्लिपकार्टला पहिली ऑर्डर आली ती एका पुस्तकाची, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरहून. पुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं. संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी बंगळूरची दुकानं पालथी घालून ते मिळवलं आणि पाठवलं. २०१० मध्ये याच कंपनीनं कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि ऑनलाइन खरेदीला घाबरणारा भारत खरेदी करू लागला. ग्राहकाला त्यातून मोठी सोय मिळाली, तसाच मोह आवरण्याचा एक जादा मुक्कामही मिळाला. मंगळवारी रात्री हवासा वाटलेला टॉवेल शनिवारी दुपारी नकोसा होतो. पैसे गेलेले नसतात, नाही म्हणायला काही पडत नाही.

यावर उपाय आहेत, सगळे कष्टाचे. सीओडीची ऑर्डर आली की दोन-तीन तासांत व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा: वस्तू, रक्कम, पत्ता आणि जवळची खूण. उत्तर आलं नाही तर फोन करा. फोनही उचलला नाही तर माल पाठवू नका. ती ऑर्डर गेली असं समजा. पाठवली असती तर भाडंही गेलं असतं. आगाऊ पैसे भरणाऱ्याला ५० रुपयांची सूट द्या. वरच्या हिशेबात एका परतीमागे जाण्या-येण्याचे २२० आणि वाया गेलेल्या जाहिरातीचे १५० रुपये बुडतात, हे पाहता ती सूट स्वस्त आहे. वारंवार माल परत येतो असे पिनकोड फक्त आगाऊ भरण्यासाठी ठेवा.

रोज सकाळी कुरियरच्या पोर्टलवर न पोचलेल्या पार्सलांची यादी उघडा. 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा दिसला की तिथल्या तिथे ग्राहकाला फोन लावा. कित्येकदा तो घरीच असतो आणि दारावर कोणी आलेलंच नसतं. त्याच दिवशी पुन्हा पाठवण्याची सूचना केली तर निम्मी लढाई जिंकता येते, दोन दिवस गेले की पार्सल परतीच्या गाडीत बसतं.

परतीचं बीज मात्र फोटोतच पेरलं जातं. पुरवठादारानं दिलेला गुळगुळीत फोटो दहा दुकानांत असतो आणि त्यात टॉवेल असतो त्याहून जाड दिसतो. खिडकीतल्या उजेडात स्वतः फोटो काढा. टॉवेल काट्यावर ठेवून वजन दाखवणारा, पाणी कसा शोषतो ते दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ करा. ऑर्डरी थोड्या कमी येतील, पण आलेल्या टिकतील.

कागद आधी

'उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, मग जीएसटी कशाला?' हा सल्ला घरातले काकाही देतात. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची. पुण्याच्या दुकानानं इंदूरला माल विकला की ती आंतरराज्य विक्री होते आणि मोजके अपवाद सोडले तर तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. कंपोझिशन योजनेतून परराज्यात माल विकता येत नाही. सरकारी पोर्टलवर नोंदणीला शुल्क नाही, उद्यम नोंदणीही फुकट आहे. पुरवठादारही पक्क्या बिलाचाच हवा. कच्च्या पावतीवर भाव स्वस्त वाटतो, पण वळता होणारा कर जातो आणि तक्रारीच्या वेळी हातात पुरावा राहत नाही.

वेबसाइटवर वस्तूची एमआरपी, निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, प्रमाण, उत्पादनाचा देश हा तपशील हवा. वैधमापन नियमांनी पॅकबंद मालासाठी तो बंधनकारक केलाय. पॅकवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून नफ्याला जागा किती आहे ते पुरवठादाराचं लेबल बघूनच ठरवा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. एकट्याच्या दुकानात तो अधिकारी तुम्हीच. ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहायलाही हेच नियम मनाई करतात.

कुठवर जायचं

१९९९ मध्ये निक स्विनमर्न या अमेरिकन तरुणानं दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून ते इंटरनेटवर टाकले. ऑर्डर आली की तो दुकानातून बूट विकत घेऊन पाठवी. यातून झापोस कंपनी झाली. पुढे बूट बनवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांतून थेट माल जाऊ लागला. २००३ पर्यंत झापोसच्या विक्रीतला सुमारे पाव हिस्सा असा ड्रॉपशिपिंगचा होता. विनासायास येणारा पैसा तो. पण त्या गोदामांत खरोखर कोणता बूट शिल्लक आहे याची खात्री नसे, संपलेल्या बुटाची ऑर्डर घेतली जाई आणि नाव झापोसचं खराब होई. कंपनीला पैशांची चणचण असतानाही त्यांनी तो पाव हिस्सा बंद केला आणि फक्त आपल्या गोदामातला माल विकायचं ठरवलं.

नवशिक्यानं हा क्रम उचलावा. ड्रॉपशिपिंग ही बाजार चाचपून पाहण्याची स्वस्त रीत आहे. पाच वस्तू लावा, प्रत्येकीवर जाहिरातीचा खर्च आधी ठरवा आणि तो संपला की थांबा. चार वस्तू चालणार नाहीत, पण त्यांचा माल तुमच्या माळ्यावर पडून राहणार नाही, हीच या पद्धतीची खरी बचत. जी वस्तू सलग तीन महिने खपली, जिची परत कमी आहे आणि जिच्याबद्दल ग्राहक स्वतःहून दुसऱ्याला सांगतात, तिचे पन्नास नग रोख देऊन उचला. भाव पाडून मागता येईल, वेष्टन स्वतः करता येईल, ऑर्डर आली त्याच दिवशी माल निघेल. तोवर शंभर ऑर्डरींचा तक्ता दर महिन्याला आपल्या आकड्यांनी भरत राहा. शेवटची ओळ सलग तीन महिने उणे येत असेल, तर जाहिरातीचा खर्च वाढवून ती अधिक होणार नाही. वस्तू बदला, नाहीतर पुरवठादार.